भूल देणारी परिचारिका

शस्त्रक्रिया होऊन घरीं परतलेल्या मनुष्याला शस्त्रवैद्याचें नांव जन्मभर आठवतें. टेबलाच्या उशाशीं बसून ज्यानें त्याला निजविलें, दोन-तीन तास त्याचा श्वास सांभाळला आणि काम आटोपतांच त्याला पुन्हां जागें केलें, त्याचें नांव मात्र त्याला बहुधा ठाऊकच नसतें. त्याच्याशीं झालेलें दोन वाक्यांचें बोलणेंहि औषधाच्या गुंगींत पुसलें जातें. आपल्या देशांत हें काम करणारा मनुष्य म्हणजे वैद्यकाची पदवी घेऊन पुढें भूलशास्त्राचा विशेष अभ्यास केलेला डॉक्टर. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत मात्र तेथें पुष्कळदां डॉक्टर नसून एक परिचारिका असते. आणि १ जानेवारी २०२२ पासून त्या देशांत असा नियम झाला आहे कीं, या विद्येच्या शाळेंत नव्यानें प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक परिचारिकेनें डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमांत नांव घातलें पाहिजे. रुग्णसेविकेला डॉक्टरेट कशाला, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनांत लगेच उभा राहतो. तो अमेरिकेंतहि विचारला गेला आणि अजून विचारला जातो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हें काम परिचारिकेच्या हातीं आलेंच कसें, हें पाहिलें पाहिजे.

ईथरची वाफ हुंगवून वेदनारहित शस्त्रक्रिया करतां येते, हें विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानें बॉस्टन शहरांत १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं सर्वांसमक्ष दाखविलें. पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें जेम्स सिम्सन यानें क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. शोध मोठा खरा. पण तो रोज वापरावयाचा कोणीं, याचा विचार फारसा कोणीं केला नाहीं. शस्त्रवैद्याचे हात कामांत गुंतलेले, म्हणून ईथरचा रुमाल जवळ उभ्या असलेल्या एखाद्या शिकाऊ विद्यार्थ्याच्या हातीं देण्यांत येई. त्या तरुणाचें लक्ष रोग्याच्या चेहऱ्याकडे राहण्याऐवजीं गुरुजींच्या सुरीकडे लागे, आणि तें साहजिकच होतें. तो शस्त्रक्रिया शिकावयास आला होता, रुमाल धरावयास नव्हे. अशा दुर्लक्षापायीं रोगी टेबलावरच दगावत. तेव्हां कांहीं विचारी शस्त्रवैद्यांना वाटूं लागलें कीं, हें काम अशा व्यक्तीकडे असावें जिला त्या खोलींत दुसरें कांहींहि शिकावयाचें किंवा मिळवावयाचें नाहीं; जिचें सारें चित्त रोग्याच्या नाडीवर व श्वासावर राहील.

अशी व्यक्ति त्यांना परिचारिकेंत सांपडली. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवी युद्धांत जखमी शिपायांना परिचारिकांनीं क्लोरोफॉर्म दिल्याचे उल्लेख आहेत. पेनसिल्व्हानियांतील ईरी या गांवीं, सेंट व्हिन्सेंट रुग्णालयांत, १८७७ सालीं सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगिणीनें हें काम हातीं घेतलें. या विद्येंतील पहिली परिचारिका म्हणून तिचेंच नांव घेतात. परंतु विद्येला खरें रूप आलें तें मिनेसोटा राज्यांतील रॉचेस्टर येथें, मेयो बंधूंच्या हाताखालीं. तेथें अ‍ॅलिस मॅगॉ नांवाची परिचारिका होती. रोग्याच्या तोंडावर ईथर एकदम लादून, तो धडपडूं लागला कीं त्याला चार माणसांनीं दाबून धरावें, ही त्या काळची सर्वसाधारण रीत. मॅगॉबाईंनीं ती सोडून दिली. चेहऱ्यावरील पातळ आच्छादनावर थेंब थेंब ईथर टाकावें, आणि तें टाकीत असतांना रोग्याशीं धीम्या स्वरांत बोलत रहावें. आतां झोंप येत आहे, श्वास सावकाश घ्या, भिण्याचें कारण नाहीं, अशा आशयाच्या त्यांच्या बोलण्यानें रोगी निम्मा औषधानें व निम्मा विश्वासानें निजे. त्यामुळें औषधहि थोडें लागे. एका माणसाला पुरेल तितकेंच दुसऱ्याला द्यावें, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. प्रत्येक रोग्याचा डोळा, श्वास व वर्ण पाहून त्या थेंबांची गति ठरवीत. १९०६ सालीं त्यांनीं आपल्या कामाचा वृत्तांत एका वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक वेळां भूल दिली, आणि भुलेमुळें एकहि मृत्यु झाला नाहीं, असा तो वृत्तांत होता. त्या बाईंपाशीं कोणती मोठी पदवी नव्हती, ही गोष्ट पुढील वादांत लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

यानंतर शाळा निघाल्या. ओरेगन राज्यांतील पोर्टलंड येथें १९०९ सालीं पहिली रीतसर शाळा सुरू झाली. क्लीव्हलंडचे शस्त्रवैद्य जॉर्ज क्राइल यांनीं १९०८ सालीं अ‍ॅगाथा हॉजिन्स या कॅनडांत जन्मलेल्या परिचारिकेला आपल्यापाशीं भूल देण्यासाठीं निवडलें. पहिल्या महायुद्धांत त्या दोघांनीं फ्रान्सांत जखमी सैनिकांवर काम केलें, आणि क्लीव्हलंडच्या लेकसाइड रुग्णालयांतील त्यांची शाळा १९१५ पासून सर्व देशांतून येणाऱ्या परिचारिकांना शिकवूं लागली. याच हॉजिन्सबाईंनीं १९३१ सालीं भूल देणाऱ्या परिचारिकांचा राष्ट्रीय संघ स्थापन केला.

काम वाढलें तसे हितशत्रूहि निघाले. भूल देणें हा वैद्यकाचा व्यवसाय आहे, तो परिचारिकेनें करणें बेकायदा आहे, असा आक्षेप डॉक्टरांकडून आला. केंटकी राज्यांतील वरिष्ठ न्यायालयानें १९१७ सालीं, आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९३६ सालीं डॅग्मार नेल्सन या परिचारिकेच्या खटल्यांत, निर्णय दिला कीं शस्त्रवैद्याच्या देखरेखीखालीं परिचारिकेनें भूल देणें हें वैद्यकाचा धंदा करणें नव्हे. कायद्यानें जागा दिली. पण ती टिकवावयाची तर आपली विद्या मोजून दाखविली पाहिजे, हें त्या बायकांनीं ओळखलें, आणि येथून पुढें पदव्यांची चढती शिडी लागते. १९४५ सालीं पहिली देशव्यापी परीक्षा झाली. १९५६ सालीं प्रमाणित भूल-परिचारिका हें नामाभिधान रूढ झालें. १९९८ पर्यंत सर्व शाळांना पदव्युत्तर दर्जा घ्यावा लागला. आणि अखेर २०२२ ची डॉक्टरेट आली.

या शाळेचें दार उघडण्यापूर्वींच उमेदवारीचा एक लांब पल्ला असतो. प्रथम नर्सिंगची पदवी, ती साधारण चार वर्षांची. नंतर परवान्याची परीक्षा. नंतर अतिदक्षता विभागांत किमान एक वर्ष प्रत्यक्ष काम. प्रवेश मिळविणाऱ्यांपैकीं पुष्कळांचें तें त्याहून अधिक झालेलें असतें. ही अट उगीच नाहीं. ज्या रोग्याचा रक्तदाब दर पांच मिनिटांनीं बदलतो, ज्याच्या घशांत नळी आहे, ज्याच्या शिरेंत एकाच वेळीं चार औषधें थेंबाथेंबानें जात आहेत, अशा रोग्याच्या खाटेशीं रात्रीच्या रात्री काढल्यावांचून धोक्याची चाहूल डोळ्याला लागत नाहीं. ती पुस्तकांतून येत नाहीं, आणि शाळेनें ती शिकवीत बसावयाचें म्हटलें तर तीन वर्षें तिच्यांतच जावयाचीं.

मग तीन वर्षांचा म्हणजे किमान ३६ महिन्यांचा अभ्यासक्रम. उन्हाळ्याची लांब सुटी त्यांत सहसा नाहीं. आरंभीं शरीरविज्ञान, औषधशास्त्र, रसायन आणि पदार्थविज्ञान. पदार्थविज्ञानाचें नांव ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. परंतु वायूचा दाब, आकारमान व उष्णता यांचे जे नियम आपल्याकडे मुलें परीक्षेपुरते पाठ करून सोडून देतात, त्यांच्याच आधारावर भूल देण्याचें यंत्र चालतें. नळकांड्यांत प्राणवायु किती उरला, उंचावरच्या गांवीं औषधाची वाफ किती प्रबळ ठरेल, हा हिशेब तिला करावा लागतो. त्यानंतर पुतळ्यावरचा सराव. हा पुतळा श्वास घेतो, त्याची नाडी लागते, आणि शिक्षकानें कळ फिरवितांच तो मरणाच्या दारींहि जातो. प्रत्यक्ष रोगी त्यानंतर येतो.

शस्त्रक्रिया सकाळीं साडेसातला असेल तर विद्यार्थिनी सहाच्या सुमारास खोलींत हजर. ती यंत्र तपासते. भिंतींतील नळींतून प्राणवायु येत आहे काय, ती बंद पडलीच तर जोडीचें नळकांडें भरलेलें आहे काय, घसा साफ करण्याचें शोषक चालतें काय, घशांत पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो काय. औषधें पिचकाऱ्यांत भरून प्रत्येकीवर नांवाची चिठ्ठी लावावयाची. दोन पारदर्शक द्रवांत डोळ्यांना फरक दिसत नाहीं, म्हणून चिठ्ठी नसलेली पिचकारी टाकूनच द्यावयाची. मराठींत भूल शब्दाचे अर्थ दोन. या बाईला त्यांतली एक द्यावयाची असते आणि दुसरी होऊं द्यावयाची नसते.

रोगी आला कीं त्याच्या तोंडावर मुखवटा धरून कांहीं मिनिटें शुद्ध प्राणवायु देतात. यामागचा विचार मोठा सुंदर आहे. पुढें दिलेल्या औषधानें त्याचा श्वास थांबणार आहे. फुप्फुसांत साधी हवा असेल तर एक-दोन मिनिटांतच रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो; पण तींच फुप्फुसें आधीं प्राणवायूनें भरून घेतलीं, तर निरोगी माणसाच्या बाबतींत आणखी कित्येक मिनिटांची सवड मिळते. त्या सवडींत नळी घालावयाची. प्रोपोफॉल या दुधासारख्या पांढऱ्या औषधानें झोंप येते, दुसऱ्या औषधानें स्नायु सैल पडतात, मग जीभ बाजूला सारून स्वरतंतू दिसतांच त्यांच्यामधून नळी श्वासनलिकेंत सरकवितात. ती चुकून अन्ननलिकेंत गेली नाहीं, याचा पुरावा उच्छ्वासांत मिळतो. बाहेर येणाऱ्या कार्बन डायॉक्साइडच्या लाटा पडद्यावर एकामागून एक उमटूं लागल्या, म्हणजे नळी योग्य ठिकाणीं आहे. लाट नसेल तर कोणताहि अभिमान न धरतां ती तत्क्षणीं काढावयाची.

यापुढचें काम दिसण्यांत अगदीं निरस. बसावयाचें आणि पहावयाचें. पण शिक्षणाचें मर्म येथेंच आहे. रक्तदाब उतरला तो औषधानें, कीं रक्तस्रावानें, कीं शस्त्रवैद्यानें पोटांतील एखादा अवयव ओढून धरल्यामुळें, हें तिनें कांहीं सेकंदांत ठरवावयाचें असतें, आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत. कांहीं संकटें इतकीं विरळ असतात कीं जन्मांत एकदांहि भेटावयाचीं नाहींत. कांहीं घराण्यांत उपजतच असा दोष असतो कीं, भुलेच्या वाफा किंवा सक्सिनिलकोलीन हें औषध मिळतांच स्नायु पेटल्यासारखे होतात, कार्बन डायॉक्साइड भराभर वाढतो, अंग ताठतें व ताप चढत जातो. डँट्रोलीन नांवाचें एक औषध वेळेवर दिलें तर रोगी वांचतो, नाहीं तर बहुधा नाहीं. पुढील तीस वर्षांत हा प्रसंग एकदां येईल किंवा येणारहि नाहीं. तरी त्याची तालीम प्रत्येकीनें केलीच पाहिजे.

पदवीपूर्वीं किमान ६०० रोग्यांना भूल दिलेली असावी आणि प्रत्यक्ष कामाचे किमान २,००० तास भरलेले असावेत, असा दंडक आहे. त्यांत तान्हीं मुलें हवींत, वृद्ध हवेत, बाळंतिणी हव्यात. हृदयाच्या, छातीच्या व मेंदूच्या शस्त्रक्रिया हव्यात. पाठीच्या कण्यांत सुई घालून खालचें अंग बधिर करण्याची विद्याहि हवी. शेवटीं देशव्यापी परीक्षा. ती उतरल्याखेरीज डॉक्टरेटचें भेंडोळें हातीं असूनहि रोग्याजवळ जातां येत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. पूर्वीं हाच अभ्यास किमान २४ महिन्यांत पुरा होई. मग वाढलेल्या वर्षांत काय मिळतें? ही डॉक्टरेट नवीन ज्ञान शोधून प्रबंध लिहिण्याची नव्हे. तिला व्यवसायाची डॉक्टरेट म्हणतात. संशोधनाचे लेख तपासून वाचणें, आंकड्यांचें शास्त्र, रुग्णालयाची व्यवस्था, आणि एखादी चालत आलेली रीत सुधारण्याचा एक प्रकल्प, हें तिचें स्वरूप. उदाहरण सर्वांच्या परिचयाचें घेऊं. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं बारानंतर पाण्याचा थेंबहि द्यावयाचा नाहीं, हा नियम घरोघर ठाऊक आहे. परंतु अभ्यासांती असें ठरलें कीं, सर्वसाधारण प्रकृतीच्या रोग्याला ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीं दोन तासांपर्यंत पाणी देण्यास हरकत नाहीं. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९९ सालींच तशी शिफारस केली. (रोग्यांनीं अर्थात आपल्या डॉक्टरांची आज्ञाच पाळावी.) तरीहि कित्येक ठिकाणीं रोगी सकाळपासून दुपारपर्यंत तहानेनें व्याकूळ होऊन पडलेला असतो, कारण जुनी रीत मोडावयाची कोणीं, हें ठरलेलें नसतें. एखाद्या विभागांत रोगी खरोखर किती तास तहानलेला राहतो हें मोजावें, कारणें शोधावींत, नवी सूचना सर्वांच्या गळीं उतरवावी आणि पुन्हां मोजावें, अशा प्रकारचा हा प्रकल्प असतो. तो चांगला झाला तर शेंकडों रोग्यांना घोटभर पाणी मिळतें. तो नुसता उरकला, तर शंभर पानांची एक वही कपाटांत पडते. आणि जेथें पदवी सक्तीची होते तेथें उरकण्याची वृत्तिहि तिच्या मागोमाग येते, हें शिक्षणाच्या क्षेत्रांत वावरणाऱ्याला वेगळें सांगावयास नको.

वाढीव वर्षाची किंमत मात्र नक्की आहे. त्या काळांत नोकरी करतां येणें जवळजवळ अशक्य, आणि शिक्षणाचें शुल्क पुष्कळ शाळांत एक लाख डॉलरच्या पुढें जातें. पुढें वेतन भरपूर मिळतें, सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२३ सालीं मध्यम वेतन वर्षाला दोन लाख डॉलरहून अधिक होतें, म्हणून कर्ज फिटतें. पण जिच्या घरीं तीन वर्षें पगाराविना निघावयाचीं नाहींत, ती दारापाशींच थांबते. आणि अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील लहान रुग्णालयांत भूल देणारी व्यक्ति बहुधा परिचारिकाच असते; तेथें जाण्यास तयार असणाऱ्या मुली ज्या घरांतून येतात, तींच घरें बेताचीं असतात. नियम करणाऱ्यांनीं या गोष्टीचा पुरेसा विचार केला असें वाटत नाहीं.

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, आमचा अभ्यास शाळेनंतर बारा वर्षांचा; परिचारिकेच्या नांवामागें डॉक्टर लागलें तर रोग्याची फसगत होईल. परिचारिकांच्या संघानें २०२१ सालीं आपलें नांव बदलून तें या शास्त्राच्या नांवाशीं जुळतें केलें, तेव्हां डॉक्टरांच्या संस्थेनें उघड निषेध केला. वाद केवळ मानाचा नाहीं. वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नियमानें परिचारिकेवर डॉक्टरची देखरेख आवश्यक होती. २००१ सालीं राज्यपालांना ती अट आपल्या राज्यापुरती काढून टाकण्याची मुभा मिळाली, आणि प्रथम आयोवा राज्यानें ती घेतली. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, अट काढल्यानें रोग्यांचें नुकसान झालें नाहीं. परंतु त्या अभ्यासाचा खर्च परिचारिकांच्याच संघानें केला होता, हें डॉक्टरांनीं दाखवून दिलें. २०१४ सालीं कॉक्रेन या निःपक्षपाती संस्थेनें सर्व पुरावा चाळला आणि म्हटलें कीं, कोणत्याहि बाजूनें निश्चित विधान करतां येत नाहीं. ज्या प्रश्नाचा निकाल तज्ज्ञांना लागला नाहीं, तो येथें लावणें उचित नव्हे. एवढें मात्र खरें कीं, स्वीडन, नॉर्वे, फ्रान्स या देशांतहि विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिका भुलेच्या कामांत आहेत, आणि तेथें डॉक्टरेटची सक्ति नाहीं.

महाराष्ट्रांतील पुष्कळ मुली आज नर्सिंगची पदवी घेऊन परदेशीं जातात, आणि या वेतनाची वार्ता त्यांच्या घरींहि पोंचली आहे. त्यांनीं एक गोष्ट आधींच समजून घ्यावी. मुंबईच्या किंवा पुण्याच्या अतिदक्षता विभागांत दहा वर्षें काढलीं असलीं तरी प्रवेशाच्या अटींत तीं धरलीं जात नाहींत. तें एक वर्ष अमेरिकेंत, तिच्या आधिपत्याखालील प्रदेशांत किंवा अमेरिकन सैन्याच्या रुग्णालयांतच झालें पाहिजे. नुसत्या डिप्लोम्यावर प्रवेश नाहीं. आणि शिकून परत आल्यास भारतांत परिचारिकेला हें काम स्वतंत्रपणें करण्याची मुळीं सोयच नाहीं. तेव्हां या वाटेनें जाणाऱ्या मुलीनें तिकडचाच संसार धरून चालावें, हें तिच्या आईबापांनींहि जाणून असावें.

२०२२ सालीं नव्या नियमाखालीं आंत गेलेली पहिली तुकडी २०२५ सालीं बाहेर पडूं लागली. जुन्या परिचारिकांना मात्र पुन्हां शाळेंत जाण्याची सक्ति नाहीं. जिच्यापाशीं पूर्वींचें प्रमाणपत्र आहे ती तें घेऊनच निवृत्त होईपर्यंत काम करील. त्यामुळें आज तेथील शस्त्रक्रियागृहांत असें दृश्य दिसतें कीं, डॉक्टरेटची विद्यार्थिनी लॅरिंगोस्कोप हातीं घेऊन वांकली आहे, आणि तिच्या खांद्यामागें पंचवीस वर्षें हेंच काम केलेली, डॉक्टरेट नसलेली बाई उभी आहे. मनगट वळवूं नकोस, हात सरळ वर उचल, असें ती हळूच सांगते. आणि मुलीला स्वरतंतू दिसतात.